फ्लोरा फाउंटनच्या जुन्या फोटोचं साल कसं ठरवायचं? पाणी धूसर, रूळ दिसत नाहीत

जुनेकागद

एका सार्वजनिक वाचनालयातल्या जुन्या संग्रहाची सूची करायचं काम चालू आहे. त्यात मुंबईतल्या फ्लोरा फाउंटन या कारंज्याचा एक फोटो निघाला. जमेल तेवढं वर्णन देतो.

प्रिंट आडवी, ९ × ७ इंच. कागद अगदी पातळ, जाड पुठ्ठ्यावर सगळीकडून चिकटवलेला. रंग जांभळट तपकिरी. पांढरे भाग पिवळे पडलेत, कडांकडे जास्त. वर हलकी चकाकी आहे. कारंजं जवळजवळ मधोमध, चौथऱ्याच्या पायापासून मूर्तीच्या डोक्यापर्यंत पट्टीनं मोजलं तर ५ इंच भरतं. पाणी चालू आहे, पण धारा सुट्या दिसत नाहीत, पिंजलेल्या कापसासारखं दिसतं. आकाश पूर्ण कोरं. रस्ता ओस, एक बैलगाडी तेवढी उभी आहे आणि बैलांची तोंडं पुसट आहेत. खाली डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या आकड्यांत नंबर, सही नाही. ट्रामचे रूळ दिसत नाहीत. पुठ्ठ्याच्या मागे पेन्सिलीनं १८६५ लिहिलंय, पण अक्षर बरंच नंतरचं वाटतं.

प्रश्न असे: हा कुठल्या पद्धतीचा फोटो? १८६५ वर विश्वास ठेवावा का? पाण्यावरून साल कळतं का? आणि पुठ्ठ्यापासून सोडवून स्कॅन करावा की तसाच?

काचपट्टी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: पुठ्ठ्यापासून अजिबात सोडवू नका. कारण खाली येईलच.

तुमच्या वर्णनावरून ही अल्ब्युमेन प्रिंट आहे. अंड्याच्या पांढऱ्यात मीठ घालून ते पातळ कागदावर चढवायचं, वापरायच्या आधी तो कागद सिल्व्हर नायट्रेटवर तरंगवायचा, वाळला की निगेटिव्हच्या काचेखाली दाबून उन्हात ठेवायचा. चित्र उन्हातच उमटतं, डेव्हलपर लागत नाही. मग गोल्ड क्लोराइडचं टोनिंग, म्हणजे चित्राची झाक बदलणं, आणि शेवटी चित्र पक्कं करायला हायपो. जांभळट झाक सोन्याच्या टोनिंगची. पांढरे भाग पिवळे पडणं ही तर या कागदाची खूणच, कारण पिवळा पडतो तो मुख्यतः अंड्याचा थर. हा कागद १८५० मध्ये निघाला आणि १८९० च्या दशकापर्यंत सर्रास चालला. म्हणजे कागदावरून तुम्हाला साल मिळणार नाही, तीसेक वर्षांचा पट्टा मिळेल.

खात्री करायला ३० पट भिंग किंवा यूएसबी सूक्ष्मदर्शक घ्या. अल्ब्युमेनमध्ये थर पारदर्शक असतो, त्यामुळे खालचे कागदाचे तंतू दिसतात आणि थरावर बारीक भेगांचं जाळं दिसतं. १८८० च्या दशकानंतर जे जिलेटिनचे कागद आले त्यांत बहुधा कागद आणि चित्र यांच्यामध्ये बॅरायटाचा पांढरा थर असतो, तंतू झाकले जातात. चित्र ठिपक्याठिपक्यांचं दिसलं तर तो फोटोच नाही, छपाई आहे. चकाकी अजिबात नसून चित्र कागदात मुरल्यासारखं दिसलं तर सॉल्ट प्रिंट, पण तुम्ही चकाकी आहे म्हणता, तेव्हा तो मुद्दा निकालात निघाला. पाण्याचा थेंब टाकून थर फुगतो का बघायची एक जुनी चाचणी आहे. ती करू नका, डाग कायमचा राहतो.

आता निगेटिव्ह. प्रिंटची पद्धत आणि निगेटिव्हची पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी, आणि सालाचा बहुतेक गोंधळ इथेच होतो. १८८० च्या आधीचं निगेटिव्ह बहुधा ओल्या कोलोडियनच्या काचेवरचं. कोलोडियन म्हणजे ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला गनकॉटन (आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस), त्यात आयोडाइड आणि ब्रोमाइडचे क्षार. ते काचेवर ओतून चारही कोपऱ्यांकडे फिरवायचं, उरलेलं बाटलीत निथळायचं, काच साधारण तीन मिनिटं सिल्व्हर नायट्रेटच्या बाथमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच फेरस सल्फेटनं डेव्हलप करायची. सगळा खेळ दहा मिनिटांच्या आत. मुंबईच्या उन्हाळ्यात तेवढाही वेळ मिळत नाही, कारण ईथर ३५ अंशांना उकळतं. काचेवर ओतता ओतताच ते उडून जातं आणि थराला वळ्या पडतात. म्हणून उष्ण हवेत ईथर कमी आणि अल्कोहोल जास्त ठेवत. बाथ तापला की पूर्ण काचेवर धुकट थर येतो, त्यावर उपाय म्हणून बाथमध्ये नायट्रिक आम्लाचे थेंब घालून तो जरा आम्लधर्मी ठेवत.

या पद्धतीच्या खुणा प्रिंटमध्ये उतरतात. कडांना शिंपल्याच्या कडेसारखे नागमोडी डाग दिसले तर ते प्लेट होल्डरच्या लाकडातून सिल्व्हरचं द्रावण परत काचेवर ओढलं गेल्याचे. एखादा कोपरा कोरा किंवा खरवडलेला असेल तर ओतताना काच तिथे धरलेली असते. धुळीचे कण शेपटीवाल्या ठिपक्यांसारखे दिसतात. कारखान्यातून आलेल्या कोरड्या जिलेटिन काचेवर थर कडेपर्यंत एकसारखा असतो, यातलं काही दिसत नाही. या खुणा शोधा आणि सांगा.

रूळ_आणि_रस्ता

मी रस्त्यापुरतं बोलतो.

कारंज्याचं साल १८६४ धरतात. नॉर्मन शॉ यांचं डिझाइन, जेम्स फोर्सिथ यांचं कोरीवकाम, दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलंड. जागा कोटाच्या चर्चगेट दरवाज्याची, तो १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला तटबंदीबरोबर पाडला. तेव्हा १८६५ अशक्य नाही, पण पेन्सिलीच्या आकड्यावर जाऊ नका. कारंज्याचं साल ऐकून माहीत असलेल्या कुणीही अंदाजानं ते मागे टाकलेलं असू शकतं.

घोड्यांच्या ट्राम मुंबईत ९ मे १८७४ ला सुरू झाल्या, विजेच्या ७ मे १९०७ ला. रूळ दिसले तर फोटो १८७४ च्या आधीचा नाही, वर तारा दिसल्या तर १९०७ च्या आधीचा नाही. याची उलटी बाजू मात्र धरता येत नाही. रूळ दिसले नाहीत म्हणजे रूळ नव्हते असं नाही. रस्ता उन्हात पांढराफटक आला असेल तर रूळ त्यात बुडून जातात, शिवाय कॅमेरा कमी उंचीवर असेल तर जमिनीलगतची लोखंडी पट्टी दिसतच नाही. दादाभाई नौरोजींचा पुतळा १९२५ चा, तो असता तर तुम्ही लिहिलंच असतं.

खरा आधार मागच्या इमारतींचा. राजाबाई टॉवरचं काम १८६९ ते १८७८, हायकोर्टाचं १८७१ ते १८७८. टेलिग्राफ ऑफिसची इमारत १८७४ ची. त्याच्यासमोर संगमरवरी छत्रीखाली व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता, त्याचं अनावरण १८७२ मध्ये झालं. यातलं काय दिसतं, काय अर्धवट दिसतं ते भिंगाखाली बघा. अर्धवट बांधलेली इमारत हाताला लागली तर सोन्याहून पिवळं, कारण दोन्हीकडून सीमा मिळते.

आणखी एक बघा. कारंज्याच्या दगडांचे सांधे दिसतात का? पुढच्या काळात त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटचे थरावर थर चढले, २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात ते काढले. सांधे आणि छिन्नीचं काम स्पष्ट असेल तर दगड उघडा असतानाचा फोटो आहे.

तिपाई

पाण्याबद्दल. धूसर पाणी म्हणजे १८८० च्या आधीचं, असं बऱ्याच ठिकाणी बेधडक लिहिलेलं असतं. पाण्यावरून कळतं ते एक्स्पोजर, म्हणजे काचेवर उजेड पडू देणं, किती वेळाचं होतं एवढंच.

हिशेब करून बघू. ओल्या कोलोडियनचा वेग, म्हणजे उजेड टिपायची तीव्रता, आजच्या मापानं आयएसओ १ च्या आसपास किंवा त्याहून कमी. लख्ख उन्हात एफ १६ ला (एफचा आकडा मोठा तेवढं भिंगाचं छिद्र लहान) आयएसओ १ साठी १ सेकंद लागतो, एफ ३२ ला ४ सेकंद. मोठ्या काचेवर कारंज्यापासून मागच्या इमारतीपर्यंत सगळं रेखीव हवं असेल तर छिद्र लहान ठेवावंच लागतं, म्हणजे ४ सेकंद हा कमीतकमी आकडा झाला. एक मीटरवरून पडणाऱ्या थेंबाला खाली यायला ०.४५ सेकंद लागतात. तेवढ्या ४ सेकंदांत ती धार नऊ वेळा बदललेली असते आणि काचेवर त्या सगळ्यांची बेरीज उमटते. म्हणून पाणी पांढरं आणि बिनरेषांचं.

माणसंही याच कारणानं गायब. सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस एका जागेसमोर सेकंदाचा तिसरा हिस्सा असतो, म्हणजे एकूण एक्स्पोजरचा बारावा भाग. त्याच्यामागे उजळ रस्ता असेल तर त्याची सावलीसुद्धा धड उमटत नाही. बैलगाडी थांबली होती म्हणून आली, बैल माना हलवत होते म्हणून तोंडं पुसट. ओस दिसणारा रस्ता भर बाजाराच्या वेळचा असू शकतो.

आता अपवाद. स्टिरिओ कार्डाच्या (खोली दिसावी म्हणून काढलेल्या जोडचित्रांच्या) लहान काचा, छोट्या फोकल लेंग्थची (दूरचं चित्र रेखीव येताना भिंगापासून काचेपर्यंतचं अंतर) भिंगं आणि मोठं छिद्र वापरून चालती माणसं टिपणारे फोटो १८५९ मध्येच निघाले होते, एडिनबरात जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन आणि न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड अँथनी यांचे. म्हणजे सुटे थेंब दिसले म्हणून फोटो १८८० नंतरचाच असं नाही. आणि कोरड्या काचा आल्यावरही कितीतरी फोटोग्राफर छिद्र लहान करून, भिंगाची टोपी हातानं काढून-लावून काम करत राहिले. धूसर पाणी १८९० चंही असू शकतं.

स्मारकांच्या सुरुवातीच्या फोटोग्राफीत कारंजं हा फार अडचणीचा विषय. घुमट, लेणी, कमानी हलत नाहीत. थॉमस बिग्ज यांना १८५५ मध्ये विजापूरच्या इमारतींचे फोटो काढायच्या कामावर नेमलं तेव्हा कागदी निगेटिव्हवर मिनिटामिनिटांचं एक्स्पोजर देऊनही गोल घुमटाचं काही बिघडत नव्हतं. कारंज्यात मात्र दगडाला पुरेसा वेळ दिला की पाणी जातं, आणि पाण्यासाठी वेळ कमी केला की सावलीतलं कोरीवकाम काळं पडतं. त्यात पोर्टलंडचा दगड उजळ. कोलोडियनला निळा आणि जांभळ्याच्या पलीकडचा उजेडच दिसतो, म्हणून आकाश आणि उन्हातला दगड जळून पांढरे होतात, झाडं काळी होतात.

जुनेकागद

तिघांचेही आभार. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं ते असं:

कागदाचे तंतू दिसतात, बारीक भेगाही आहेत. उजव्या कडेला तपकिरी नागमोडी डाग आहेत, वरून साधारण दीड इंच खालपर्यंत. मूर्तीच्या डोक्याभोवती आणि खांद्याभोवती एक बारीक उजळ रेघ आहे, आणि एका बाजूला केसांची कड कात्रीनं कापल्यासारखी सरळ आहे. दगडांचे सांधे स्पष्ट. तारा नाहीत. कारंज्याच्या डावीकडे, मूर्तीच्या मध्यरेषेपासून २ इंचांवर, छपरांच्या वर बांबूची परांची दिसते. इमारत ओळखू येत नाही.

नंबरावरून फोटोग्राफर सापडेल का?

काचपट्टी

तंतू आणि भेगा, म्हणजे अल्ब्युमेन नक्की. नागमोडी डाग, म्हणजे निगेटिव्ह ओल्या काचेचं. हे दोन्ही आता सूचीत लिहायला हरकत नाही.

डोक्याभोवतीची रेघ महत्त्वाची आहे. कोलोडियनच्या काचेवर आकाश एकसारखं येत नसे, पट्टे आणि डाग पडत. म्हणून निगेटिव्हवर आकाशाचा भाग अपारदर्शक रंगानं भरून टाकत किंवा काळा कागद कापून चिकटवत, की प्रिंटमध्ये तो स्वच्छ पांढरा यावा. ब्रश किंवा कात्री मूर्तीच्या कडेवरून फिरताना थोडी आत-बाहेर होते, तीच तुमची रेघ आणि तीच सरळ कापलेली केसांची कड. याचा अर्थ मूर्तीची बाह्यरेषा या फोटोवरून मोजू नका. जीर्णोद्धाराच्या कामात जुने फोटो पुरावा म्हणून वापरतात तेव्हा इथे हमखास फसगत होते. बोट तुटलेलं दिसतं, प्रत्यक्षात ते रंगाखाली गेलेलं असतं.

नंबर पांढरा आहे, म्हणजे तो निगेटिव्हवर शाईनं किंवा रंगानं लिहिलेला. काळा असता तर थर खरवडून लिहिलेला. त्यावरून फोटोग्राफर शोधायचा तर त्याच कंपनीच्या नंबर असलेल्या, सही किंवा छाप असलेल्या दुसऱ्या प्रिंट समोर ठेवून आकड्यांचं वळण ताडून बघावं लागतं. ब्रिटिश लायब्ररीच्या जुन्या भारतविषयक संग्रहातले बरेच फोटो ऑनलाइन आहेत, सुरुवात तिथून करा. पुठ्ठ्यावर शाई नसलेला उठावाचा शिक्का असतो, तो तिरक्या उजेडातच दिसतो. टॉर्च पुठ्ठ्याला जवळजवळ समांतर धरून चारही कडा तपासा.

नंबर सापडला तरी साल मिळेलच असं नाही. फोटोग्राफर सॅम्युअल बोर्न १८६३ मध्ये भारतात आले आणि १८७० मध्ये परत गेले, पण त्यांची कंपनी बोर्न अँड शेफर्ड त्यांच्या काचांवरून पुढे कित्येक वर्षं प्रिंट काढून विकत राहिली. शिवाय काचा एका स्टुडिओकडून दुसऱ्याकडे विकल्या जात आणि नवा मालक नवे नंबर टाकी. म्हणून सूचीत दोन रकाने ठेवा, निगेटिव्हचा काळ आणि प्रिंटचा काळ. फोटोग्राफरच्या रकान्यात आज तरी ‘अज्ञात’ लिहा. पेन्सिलीचा १८६५ हा शेऱ्यात जसाच्या तसा नोंदवा, सालाच्या रकान्यात नको. आणि मागची पेन्सिल खोडू नका.

कोरडंकपाट

जतनाचं राहिलं म्हणून लिहिते.

पुठ्ठ्यापासून सोडवायचं नाही, कारण सोडवायला ओलावा लागतो. ओलाव्यानं कागद एका मापानं ताणतो, अंड्याचा थर दुसऱ्या मापानं, आणि आत्ता केसाएवढ्या असलेल्या भेगा उघडतात. शिवाय इतका पातळ कागद पुठ्ठ्याशिवाय लगेच गुंडाळी होतो. पुठ्ठा आम्लधर्मी होऊन तुकडे पडायला लागले असतील तरी तो निर्णय प्रशिक्षित संवर्धकाचा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारता येईल.

स्वच्छतेला फक्त हवेचा रबरी फुगा आणि बकरीच्या केसांचा मऊ ब्रश, मधून कडेकडे. कडेला थर उचकटलेला असेल तिथे ब्रशही नको. ओलं फडकं, खोडरबर, स्पिरिट, काही नाही. लॅमिनेशन, सेलोटेप आणि डांबरगोळ्या यांपासून लांब.

ठेवायला आम्लमुक्त आणि लिग्निनमुक्त कागदाचं चार पाकळ्यांचं पाकीट, त्याखाली पुठ्ठ्यापेक्षा अर्धा इंच मोठा आम्लमुक्त बोर्ड, आणि पेटीत आडवं. दमट हवेत प्लास्टिकच्या पाकिटापेक्षा कागदाचं बरं, प्लास्टिकमध्ये ओल कोंडते. पीव्हीसी तर नकोच. हवेतली सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्के हवी, ६५ च्या वर गेली की बुरशीचा धोका सुरू. पावसाळ्यात मुंबईत ती सहज ८५-९० जाते. यावर एसी दिवसा चालू आणि रात्री बंद हा सगळ्यात वाईट उपाय, कारण रोज आर्द्रता वरखाली होते आणि भेगा त्यानंच वाढतात. त्यापेक्षा घट्ट झाकणाची पेटी, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. जेलचा रंग बदलला की पिशव्या बाहेर काढून वाळवायच्या. पेटी स्टीलच्या कपाटात, कपाट बाहेरच्या भिंतीपासून सुटं आणि जमिनीपासून चार-सहा इंच वर.

स्कॅन करताना पुठ्ठा वाकलेला असेल तर फ्लॅटबेडचं झाकण दाबू नका, जुना पुठ्ठा बिस्किटासारखा न वाकता मोडतो आणि प्रिंट त्याच्याबरोबर फाटते. तेव्हा वरून कॅमेऱ्यानं घ्या, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावून. सपाट असेल तर ६०० पीपीआय (दर इंचाला पिक्सेल), १६ बिट, रंगीत टिफ. ९ × ७ ला ५४०० × ४२०० पिक्सेल येतात, फाइल साधारण १३६ एमबी. परांचीचा भाग मात्र १२०० ला वेगळा घ्या. प्रिंट काचेला टेकवून काढलेली आहे, त्यात बारकावा भरपूर असतो. ग्रेस्केल करू नका, पिवळेपणा हीसुद्धा नोंद आहे. बाजूला रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवा. पुठ्ठ्याची मागची बाजू आणि पूर्ण कडाही स्कॅन करा. प्रदर्शनात मूळ प्रिंट न लावता प्रत लावा, मूळ लावायचीच असेल तर ५० लक्सच्या वर उजेड नको.

तिपाई

परांची कुठल्या इमारतीची हे शोधायला कॅमेऱ्याची जागा काढावी लागेल. राजाबाई टॉवर किंवा हायकोर्ट निघालं तर निगेटिव्ह १८६९ ते १८७८ मधलं. पण तटबंदी पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर १८६० च्या दशकातही बांधकामं चालू होती, म्हणून परांची दिसली की लगेच टॉवर म्हणू नका.

प्रिंट काचेला टेकवून काढलेली, म्हणजे प्रिंटवरचे ५ इंच हेच काचेवरचे ५ इंच. कारंज्याची उंची मूर्तीसकट ३२ फूट धरतात. ९ × ७ ची प्रिंट बहुधा १० × ८ च्या काचेची कडा कापून झालेली, आणि अशा काचेला साधारण १२ इंची (फोकल लेंग्थ १२ इंच असलेलं) भिंग लावत. अंतर = फोकल लेंग्थ × खरी उंची ÷ चित्रातली उंची, म्हणजे १२ × ३२ ÷ ५, जवळजवळ ७७ फूट. भिंग १० इंची असेल तर ६४ फूट, १४ इंची असेल तर ९०. नकाशावर कारंज्याभोवती ६४ आणि ९० फुटांची दोन वर्तुळं काढा, कॅमेरा त्या पट्ट्यात होता.

नकाशा आजचा नको, लॉटन यांच्या १८६५ ते १८७२ च्या मुंबई सर्वेक्षणाचा घ्या. त्यात जुन्या इमारतींचे कोपरे मिळतात. फोटोत कारंज्याच्या उजवीकडे-डावीकडे दिसणारा एखादा ओळखीचा कोपरा पकडा, त्याचं मूर्तीच्या मध्यरेषेपासूनचं अंतर मोजा. परांची २ इंच डावीकडे आहे, म्हणजे २ ÷ १२, कोन साडेनऊ अंश. तसाच कोन ओळखीच्या कोपऱ्याचा काढा आणि पारदर्शक कागदावर तीन रेषा आखून तो कागद त्या पट्ट्यात फिरवा. कारंजं आणि कोपरा दोन्ही आपापल्या रेषेवर बसले की तिसरी रेषा परांचीच्या दिशेनं जाईल.

दोन ठिकाणी चूक शिरते. एक म्हणजे कागद चिकटवताना ओला असतो आणि एका दिशेला टक्का-दोन टक्के जास्त ताणतो. आडवं-उभं प्रमाण बिघडलंय का हे चौथऱ्याच्या एखाद्या मापानं तपासा. दुसरी म्हणजे कॅमेऱ्याची उंची. तिपाईवर भिंग ५ फुटांवर असेल तर क्षितिजरेषा कारंज्याच्या पायापासून पाऊण इंच वर येईल. ती बरीच वर आली तर कॅमेरा गच्चीत किंवा खिडकीत होता, आणि मग पट्ट्यात रस्ता न शोधता इमारत शोधायची. क्षितिजरेषा काढायला समांतर छपरांच्या कडा वाढवून कुठे मिळतात ते बघा.

सावली कुठल्या बाजूला पडलीय ते कळवा. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, तेवढे दिवस सोडले तर दुपारची सावली उत्तरेकडेच पडते. त्यावरून कॅमेऱ्याचं तोंड कुठे होतं हे पडताळता येईल.